मार्चमधल्या खवलीच्या आतड्यात गाळ निघाला, म्हणून ती शाकाहारी ठरते का?

शिरपूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतात. सातपुड्यातून उतरून अनेर नदीला मिळणाऱ्या एका नाल्यातले लहान मासे काय खातात, हा त्यांच्या प्रकल्पाचा विषय. मार्चमध्ये एका डोहातून त्यांनी खवली पकडली (पेथिया टिक्टो, जुन्या पुस्तकांत पुंटियस टिक्टो). आतडी उघडली, तर निम्म्याहून जास्त काळपट गाळ, थोडं शेवाळ, थोडी वाळू आणि किडे नावापुरते. वाचायला मिळालेल्या लेखांत मात्र किनाऱ्यालगतच्या जंगली ओढ्यांतले याच घराण्यातले मासे मुख्यतः कीटकांवर जगतात असं लिहिलेलं. ‘माझं तपासण्यात काही चुकलं का, आणि निष्कर्षात हा मासा शाकाहारी आहे असं लिहू का?’ असं त्या विचारतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: शाकाहारी लिहू नका. पहिल्याचं उत्तर मात्र तुम्ही मासा किती वाजता पकडला, कशानं पकडला, फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवण्याच्या द्रावणात) कधी टाकला आणि आतड्याचा कुठला भाग उघडला यावर अवलंबून आहे. यातलं काहीच प्रश्नात नाही, म्हणून सगळं सांगतो.

मासा काय खातो असं विचारताना आपण नकळत तीन प्रश्न एकत्र करतो. त्या दिवशी त्या पाण्यात खाण्याजोगं काय होतं? त्यातलं त्यानं काय गिळलं? आणि गिळलेल्यातलं अंगी काय लागलं? आतडं उघडल्यावर फक्त मधल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, तेही अर्धवट. तुमची अडचण इथेच आहे. लेखातल्या ओढ्यात काय उपलब्ध होतं आणि तुमच्या डोहात काय होतं, हे शेजारी ठेवल्याशिवाय दोन्ही निकालांची तुलना होऊच शकत नाही.

आधी आतड्याबद्दल. खवली, रासबोरा, मळ्या या सगळ्या कार्पच्या कुळातल्या माशांना जठर नसतं. घशात कल्ल्यांच्या मागे दात असतात, अन्न तिथेच भरडलं जातं आणि थेट आतड्यात उतरतं. त्यामुळे अख्खा किडा जवळजवळ कधीच मिळत नाही. मिळतो तो एखादा पाय, जबड्याचा तुकडा, पंखाची चकती, कायरोनोमिड (डासासारख्या, न चावणाऱ्या माशीच्या) अळीच्या डोक्याचं तपकिरी कवच. मऊ अंगाच्या अळ्या आणि गांडुळासारखे जीव थोड्या वेळात विरून जातात; गाळ, वाळू आणि शेवाळाच्या पेशीभित्ती मात्र शेवटपर्यंत दिसतात. शेवग्याच्या शेंगा खाऊन झालेल्या ताटात चोथाच दिसतो, गर दिसत नाही, तसंच हे. पूर्ण आतडं पिळून काचपट्टीवर घेतलंत, तर मागच्या भागातला चोथाच तुमच्या टक्केवारीवर राज्य करणार. म्हणून पहिल्या वळणापर्यंतचा फुगीर भाग तेवढाच घ्यावा. मी विद्यार्थ्यांना पुढचा भाग आणि उरलेला भाग वेगळ्या काचपट्ट्यांवर ठेवायला लावतो. दोन्हींत गाळाचं प्रमाण खूप वेगळं आलं, तर पचनाचा परिणाम किती हे तिथेच समजतं.

वेळेचंही तसंच आहे. आपल्याकडे मार्च सरताना साचलेल्या डोहाचं पाणी दुपारी चांगलंच तापतं आणि गरम पाण्यात पचन झपाट्यानं होतं. पहाटे खाल्लेलं दुपारपर्यंत ओळखू येईलच असं नाही. मासा मेल्यावरही आतड्यातली पाचकद्रव्यं काम करत राहतात. काठावर बादलीत दोन तास ठेवून मग कॉलेजात नेलेल्या माशावर मी विसंबत नाही. पकडल्या पकडल्या दहा टक्के फॉर्मलिन हवं, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या द्रावणाचा एक भाग आणि पाणी नऊ भाग. बोटभर लांबीच्या माशाच्या पोटाला छोटा छेद दिला की द्रावण आत लवकर पोचतं. हातमोजे घाला, आणि उरलेलं फॉर्मलिन एक थेंबही नाल्यात ओतू नका.

पकडण्याची पद्धत विचारण्याचं कारण सोपं आहे. गळाला किंवा बांबूच्या सापळ्यात कणकेची गोळी लावली असेल, तर आतड्यात पांढुरका लगदा सापडतो आणि तो ‘वनस्पतिजन्य पदार्थ’ म्हणून वहीत जातो. शंका आली तर आयोडीनचा थेंब टाका. पिष्ट असेल तर निळं-काळं होईल. गावाजवळच्या डोहात लोक भाकरीचे तुकडे, मुरमुरे टाकतात, तिथेही हेच. सापळ्यात रात्रभर अडकलेला मासा एक तर उपाशी राहून आतडं रिकामं करतो, नाही तर शेजारच्या छोट्या माशांना खातो. फेकजाळ्यानं किंवा हातजाळ्यानं त्याच घटकेला पकडलेला मासा सगळ्यांत खरा.

हे सगळं नीट केलं असेल, तरीही मार्चमध्ये गाळ आणि शेवाळ निघणं मला अजिबात आश्चर्याचं वाटत नाही. इथे आपला सातपुडा समजून घ्यावा लागतो.

किनाऱ्यालगतच्या ज्या ओढ्यांवर वर्षभर सदाहरित झाडांची सावली असते, तिथे तळापर्यंत ऊन फारसं पोचत नाही. पाण्यात शेवाळ कमी वाढतं, अन्न वरून येतं: पानं, फळं, मुंग्या, सुरवंट, कोळी. लहान मासे पृष्ठभागाकडे डोळा लावून बसतात. या वरून पडणाऱ्या शिध्याचं महत्त्व जपानमधल्या होक्काइदो बेटावर नाकानो आणि मुराकामी यांनी मोजून दाखवलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, त्या ओढ्यातल्या माशांना वर्षभरात मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ४४ टक्के वाटा जमिनीवरच्या कीटकांचा निघाला. तो ओढा थंड प्रदेशातला आहे आणि मासे वेगळे आहेत, पण काठाचं झाड माशाला पोसतं ही गोष्ट इथेही तितकीच लागू होते. शिवाय किनारी ओढ्यांत खालच्या अंगाला भरती-ओहोटीचं पाणी येतं आणि समुद्राकडून वर चढणारे झिंगे, खेकडे पानं कुरतडून बारीक करतात. आपल्याकडून समुद्र दूर आहे आणि वाटेत तापीवर उकाईचं धरण आहे.

आपलं जंगल पानगळीचं: साग, सालई, अंजन, पळस. हिवाळा सरताना साग उघडाबोडका होतो. म्हणजे वर्षातलं सगळ्यांत कडक ऊन जेव्हा असतं, नेमकी तेव्हा नाल्यावर सावली नसते. काठाला अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर असतील तेवढीच सावली. त्याच वेळी वाहतं पाणी थांबतं. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जाड थर आहे, त्यात नाल्याचं पाणी झिरपून जातं आणि वरच्या अंगाला खडकात सुटे सुटे डोह उरतात. अशा डोहात तळापर्यंत ऊन, तळाशी सागाच्या पानांचा थर, वर केसाळ शेवाळ. खळाळत्या पाण्यात दगडाला चिकटून राहणाऱ्या मेफ्लाय आणि कॅडिसफ्लायच्या अळ्या बव्हंशी गेलेल्या. उरतात लाल कायरोनोमिड अळ्या, डासांच्या अळ्या, पाणभुंगे आणि चतुरांची पिल्लं. यातली चतुरांची पिल्लं तर स्वतःच बाकीच्या अळ्या फस्त करतात. मासे पावसाळ्यातलेच, पाणी मात्र दहाव्या हिश्शावर आलेलं. अशा जागी खवली गाळ चिवडते, यात तिचा स्वभाव जितका आहे तितकीच परिस्थिती आहे.

हीच खवली ऑक्टोबरमध्ये पकडा. पाणी निवळलेलं, वाहतं, दगडांखाली अळ्यांची रेलचेल. आतड्यातलं चित्र बऱ्यापैकी बदललेलं दिसेल. आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर पंखवाल्या वाळव्या दिव्याभोवती नाचतात, त्या संध्याकाळी नाल्यावर जाऊन बघा. सगळ्या जातींच्या माशांत वाळवीचे पंख सापडतील, तळाशी राहणाऱ्या माशांतसुद्धा. पुढे पूर येऊन पाणी गढूळ झालं की डोळ्यांनी हेरून खाणाऱ्या रासबोरासारख्या माशांची पंचाईत होते आणि मिशांनी चाचपणाऱ्यांचं फावतं. म्हणून एका महिन्याच्या नमुन्यावर प्रकल्प उभा करू नका. निदान तीन वेळा घ्या: पावसाळा संपताना, थंडीत, आणि डोह उरल्यावर.

इथे एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. झॅरेट आणि रँड यांनी पनामातल्या एका ओढ्यावर १९७१ साली मांडलं की अन्न मुबलक असताना वेगवेगळ्या जाती बरंचसं सारखंच खातात. कोरड्या हंगामात टंचाई आली की प्रत्येक जात आपापल्या खाद्याकडे वळते आणि आहारातली सरमिसळ कमी होते. सातपुड्याच्या डोहात असंच घडतं का? माझ्या पाहण्यात कधी तसं दिसतं, कधी नेमकं उलट. डोह फारच आटला की सगळेच गाळावर येतात. पाणी किती उरलं आहे यावर ते ठरत असावं, असा माझा अंदाज आहे. तुमच्या प्रकल्पात एकट्या खवलीऐवजी डोहातल्या चार-पाच जाती घेतल्यात, तर हा प्रश्न तुम्हाला खरोखर तपासता येईल. माझ्या मते तुमच्या विषयाचा गाभा तोच आहे.

जाती निवडताना तोंडाकडे बघा. रासबोरा डॅनिकोनियस, ज्याच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळी रेघ असते, त्याचं तोंड किंचित वर वळलेलं. तो वरच्या थरातला, मुंग्या आणि पाण्यावर पडलेले किडे टिपणारा. मळ्या, म्हणजे गारा मुल्या, याचं तोंड खाली. हनुवटीला चकती असते, तिनं दगडाला चिकटून तो डायटम (काचेरी कवचाचं एकपेशीय सूक्ष्म शेवाळ) आणि इतर शेवाळाचा पातळ थर खरवडतो, आणि त्याचं आतडं घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं, शरीराच्या कितीतरी पट लांब असतं. मुरी (लेपिडोसेफॅलिक्थिस) वाळूत तोंड खुपसते, वाळू तोंडात घेऊन अळ्या ठेवते आणि बाकी कल्ल्यांतून सोडून देते. मरळीच्या घराण्यातला छोटा चन्ना गाचुआ पक्का शिकारी: खरं जठर, आखूड आतडं. याला जठर असल्यामुळे किडे, झिंगे बरेचदा ओळखता येतील इतके शाबूत मिळतात. म्हणजे चन्नाच्या जठरातले शाबूत किडे आणि खवलीच्या आतड्यातला भरडा यांची सरळ तुलना करू नका, ती खवलीवर अन्याय करते. नावं गावागणिक बदलतात. पावरा आदिवासी मुलं ज्याला एका नावानं ओळखतात त्याला खालच्या गावचे भोई दुसरंच म्हणतात, म्हणून वहीत शास्त्रीय नाव लिहाच. पण कुठल्या डोहात कुठला मासा कधी चरतो, हे त्या मुलांना विचारा. त्यांचं निरीक्षण बारीक असतं.

खवले सापडले तर काय समजायचं, हा प्रश्न पुढे येईलच. खवलीच्या आतड्यात एखादा खवला म्हणजे गाळाबरोबर गेलेला. पण काचेसारखा पारदर्शक चंदा नामा सापडला आणि त्याच्या पोटात खवले भरलेले दिसले, तर दचकू नका. तो दुसऱ्या जिवंत माशांचे खवले उपटून खातो, ते त्याचं अन्न आहे. तोच पदार्थ दोन माशांत दोन वेगळे अर्थ सांगतो.

आकारही नोंदवा. अंगठ्याच्या नखाएवढी खवलीची पोर प्राणिप्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवर, वाढते. मोठी झाली की गाळ, शेवाळ, अळ्या. लहान-मोठ्यांची टक्केवारी एकत्र केली, तर दोघांपैकी कुणाचाच आहार कळत नाही.

आता मोजणी. केवळ आकडे मोजू नका, कारण शंभर डायटम आणि एक अळी यांत वजनदार अळीच आहे. प्रत्येक खाद्यप्रकारासाठी दोन गोष्टी काढा: किती टक्के माशांत तो सापडला, आणि आतड्यातल्या एकूण मालात त्याचं आकारमान अंदाजे किती टक्के. दोन्हींचा गुणाकार करून, सगळ्या गुणाकारांच्या बेरजेनं भागून शंभरानं गुणायचं. नटराजन आणि झिंगरन यांनी १९६१ साली हा निर्देशांक मांडला आणि भारतात तो अजून सर्रास वापरतात. वाळू वेगळ्या रकान्यात ठेवा, अन्नात धरू नका. ‘गाळ’ हा एकच रकाना मात्र मला चालत नाही. चारशे पट भिंगाखाली बघा: शिरा दिसणारे पानाचे तुकडे वेगळे, डायटमच्या काचेरी डब्या वेगळ्या, आकारहीन तपकिरी द्रव्य वेगळं. तुमचा अर्धा ‘गाळ’ डायटम निघण्याची चांगलीच शक्यता आहे, आणि डायटम हे पौष्टिक खाणं आहे. कुजक्या पानाचंही तसंच. पानात प्रथिनं नगण्य, पण त्यावर वाढलेली बुरशी आणि जिवाणूंचा थर माशाच्या कामाचा. अंगी काय लागलं याचा पक्का पुरावा स्नायूंतल्या कार्बन-नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंवरून) मिळतो. ते महाग आहे, पदव्युत्तर प्रकल्पात नसलं तरी चालेल.

उपलब्धता मोजणं मात्र टाळू नका. ज्या दिवशी मासे पकडाल त्याच दिवशी तळाचा नमुना घ्या: ठरावीक चौकटीतले दगड-पानं खळबळून, खाली बारीक जाळी धरून. वरून काय पडतं ते बघायला साबणाच्या पाण्याचे दोन-चार पसरट ट्रे डोहाकाठी रात्रभर ठेवा. मग माशाची निवड मोजणारं, इव्हलेव्ह या शास्त्रज्ञाचं साधं सूत्र: आतड्यातला टक्का वजा पाण्यातला टक्का, भागिले दोन्हींची बेरीज. पाण्यात कायरोनोमिड ४० टक्के आणि आतड्यात १० टक्के असतील तर उत्तर उणे ०.६, म्हणजे मासा त्यांना टाळतो किंवा त्याला त्या गाठता येत नाहीत. पाण्यातच ५ टक्के आणि आतड्यात १० टक्के असतील तर अधिक ०.३३, टंचाईतही शोधून खातो. आतड्यातला आकडा दोन्हीकडे तोच, अर्थ उलटा.

‘गाठता येत नाहीत’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. मेरी पॉवर यांनी १९८०च्या दशकात पनामातल्या रिओ फ्रिहोलेस नदीत दाखवलं की शेवाळ खरवडणारे मासे सुमारे २० सेंटिमीटरपेक्षा उथळ पाण्यात चरायला जायचं टाळतात, कारण तिथे पक्षी टिपतात. काठाला शेवाळ भरपूर आणि मासे खोल पाण्यात अर्धपोटी. आपल्या डोहांवर मार्च-एप्रिलमध्ये ढोकरी आणि खंड्या दिवसभर ठाण मांडून असतात. काठच्या दगडावर हिरवा थर आणि हातभर खोल पाण्यातला दगड चकचकीत स्वच्छ असं दिसलं, तर त्याची खोली मोजून नोंद करा.

विषयाला लागून एक विनंती. डास कमी व्हावेत म्हणून अशा डोहांत गप्पी मासे सोडायचा आग्रह काही जण चांगल्या हेतूनं धरतात. बंद टाक्या, हौद यांचं ठीक आहे. जंगलातल्या वाहत्या नाल्यात ते कृपा करून सोडू नका. रासबोरा आणि वरच्या थरातले इतर देशी मासे डासांच्या अळ्या खातातच, आणि टंचाईच्या महिन्यांत त्यांच्या तोंडचा घास पळवणारा आणखी एक परका मासा त्या डोहाला परवडत नाही. तसंच पायथ्याच्या शिवारात कपाशी किंवा केळीवर फवारणी झाल्यानंतर लगेच नमुने घेतलेत तर ते लिहून ठेवा. कीटकनाशकानं आधी कीटक मरतात. आतड्यात किडे नसण्याचं कारण तेही असू शकतं.

सध्याच्या माहितीवर तुम्हाला काय लिहिता येईल? असं: ‘मार्च महिन्यात, प्रवाह थांबलेल्या डोहात, अमुक ते अमुक लांबीच्या खवलीच्या आतड्यात सेंद्रिय गाळ आणि शेवाळ यांचं प्रमाण सर्वाधिक आढळलं.’ एवढं विधान तुमचा पुरावा पेलतो. मिश्राहारी म्हणायचं की नाही, ते ऑक्टोबर आणि जानेवारीचे नमुने पाहून ठरवा. प्रत्येक जातीचे प्रत्येक हंगामात किती मासे घ्यायचे, तर नवा मासा उघडल्यावर नवा खाद्यप्रकार सापडायचा थांबला की पुरे. उघडलेले मासे आणि सापडलेले खाद्यप्रकार यांचा आलेख काढत गेलात तर गरजेपेक्षा जास्त मासे मारावे लागणार नाहीत. छोट्या डोहातून एकदम खूप मासे काढणं मला पटत नाही. पुढच्या पावसात नाला पुन्हा भरून काढणारं बियाणं तेच असतं.

आणि नाल्याचा तो भाग अनेर धरण अभयारण्याच्या हद्दीत येतो का, हे आधी वनविभागाकडे जाऊन नकाशावर बघून घ्या. येत असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली लेखी परवानगीशिवाय एकही मासा पकडता येणार नाही, आणि ती मिळायला वेळ लागतो. ऑक्टोबरचा नमुना हवा असेल तर अर्ज पावसाळ्याआधी द्या. सोबत जातींची यादी, माशांची कमाल संख्या, जाळ्याचा प्रकार आणि मार्गदर्शकांचं पत्र जोडा. हद्दीबाहेर असेल तरी त्या गावच्या ग्रामपंचायतीला जाऊन सांगा आणि गावातला एखादा जाणता माणूस सोबत घ्या. मार्चमध्ये पकडलेल्या खवली माशांची उघडलेली आतडी फॉर्मलिनमध्ये जपून ठेवली असतील तर टाकू नका. ‘गाळ’ म्हणून लिहिलेल्या काचपट्ट्या पुन्हा एकदा मोठ्या भिंगाखाली घ्या आणि त्यातले डायटम वेगळे मोजा.